नोकरी, लोकल आणि २१ किलोमीटर : चौथ्या आठवड्यानंतर टिकायचे कसे?

कोपरीकर

पावसाळा आणि धावणे यांचे ठाण्यात जुने नाते आहे, वर्षा मॅरेथॉनमुळे. दरवर्षी याच दिवसांत अनेक जण जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनच्या अर्ध्या अंतराचा, म्हणजे २१.१ किमीचा संकल्प करतात. नवे बूट येतात, कचराळी आणि उपवन तलावांवर नवे चेहरे दिसू लागतात. गणपती येईपर्यंत त्यातले बरेच दिसेनासे होतात.

ही माणसे आळशी नसतात. सकाळची गर्दीची लोकल पकडून सीएसएमटी नाहीतर बीकेसी गाठायचे आणि रात्री नऊला परतायचे, हे रोज करणाऱ्याला आळशी कोण म्हणेल? मग चौथ्या-पाचव्या आठवड्यात अलार्म बंद का होतो? "प्रेरणा कमी पडली" एवढे म्हणून विषय संपवू नये असे मला मनापासून वाटते. अडथळा नेमका कुठे आहे आणि तो काढायचा कसा, हे जाणकारांनी लिहावे. मन घट्ट करा वगैरे नको. अंतर, वेग, झोप, बूट, पाऊस, घरची कामे यांवर बोला.

चर्चेसाठी एक माणूस समोर ठेवू : वय ३० ते ५०, नोकरदार, तीन-चार किमी आरामात चालू शकतो, आठवड्याचे चार दिवस देऊ शकतो. ऑगस्टच्या सुरुवातीपासून जानेवारीच्या तिसऱ्या रविवारपर्यंत साधारण २४ आठवडे हातात.

उपवन_फेरी

पहिला अडथळा वेग. नवा माणूस हमखास जास्त वेगात पळतो, कारण शेजारून जाणारा जुना धावपटू ज्या वेगात जातो तोच "पळण्याचा वेग" अशी समजूत असते. किलोमीटरला साडेसहा मिनिटे त्याला सोपी असतील, नव्या माणसाला ती दमछाक आहे. प्रत्येक वेळी घरी येताना छाती फुटायची वेळ आली, तर तिसऱ्या आठवड्यात अंथरुणातून उठायची इच्छा मरणारच. याला मनाचा कमकुवतपणा म्हणू नका.

मोजमाप सोपे आहे. पळता पळता एक पूर्ण वाक्य न अडखळता बोलता आले पाहिजे. दोन-तीन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला तर वेग जास्त. बहुतेक नव्यांसाठी हा वेग किलोमीटरला आठ ते नऊ मिनिटे येतो, आणि सुरुवातीला तोही सलग जमत नाही. म्हणून एक मिनिट पळणे, दोन मिनिटे चालणे, असे आठ-दहा वेळा. दोन आठवड्यांनी दोन मिनिटे पळणे, एक मिनिट चालणे. चालणे हा योजनेचा भाग आहे, दम लागला म्हणून चालायचे नाही, घड्याळ सांगते म्हणून चालायचे. दमल्यावर चालले की हरल्यासारखे वाटते. ठरवून चालले की वाटत नाही.

साडेआठ मिनिटांच्या वेगाने २१.१ किमीला तीन तासांपेक्षा थोडा कमी वेळ लागतो. म्हणजे जानेवारीतही यापेक्षा जोरात पळायची गरज नाही.

दमट_हवा

वरच्या प्रतिसादात एक भर. आपल्याकडे जून ते ऑक्टोबर घाम वाळतच नाही. घाम वाळला तरच अंग गार होते, नुसता गळून उपयोग नाही. अंग तापले की त्वचेकडे जास्त रक्त पाठवावे लागते आणि त्याच वेगाला नाडी वाढते. त्यामुळे ऑगस्टमध्ये "सहा आठवडे झाले, प्रगतीच नाही" असे वाटते, आणि थंडी पडली की तोच माणूस काही न बदलता किलोमीटरमागे चांगला वेळ कमी करतो. प्रगती होत असते, हवा ती झाकून ठेवते. हे आधी माहीत असेल तर बरेच जण सप्टेंबरमध्ये सोडणार नाहीत.

शिस्तप्रिय

सगळे मान्य, पण शेवटी शिस्त लागतेच. वेग कमी करा, चाला, हे सगळे ठीक, पाच वाजता उठायला कोण येणार? २१ दिवस डोळे मिटून करा, सवय लागते. त्यानंतर विचार करावा लागत नाही.

नेरूळ_नोंदवही

शिस्तप्रिय, २१ दिवसांच्या आकड्यानेच फार नुकसान केले आहे. मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनने १९६० साली लिहिले होते की शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची ओळख पटायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात. त्यातला "किमान" गळला आणि चेहऱ्याच्या जागी सवय आली.

फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी लंडनमध्ये ९६ जणांवर प्रत्यक्ष अभ्यास केला, तो २००९ साली प्रसिद्ध झाला. नवी गोष्ट आपोआप होऊ लागायला मध्यक ६६ दिवस आला, आणि माणसामाणसांत फरक १८ ते २५४ दिवसांचा. व्यायामाला खाण्यापिण्याच्या सवयींपेक्षा जास्त वेळ लागला. म्हणजे बाविसाव्या दिवशी जड वाटणे हे अगदी नेहमीचे आहे. ज्याने २१ चा आकडा धरला, त्याला तो दिवस स्वतःचे अपयश वाटतो आणि तो थांबतो. कोपरीकरांचा "चौथा आठवडा" नेमका इथे येतो!

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली : एखादा दिवस चुकल्याने सवय बनण्यावर फारसा परिणाम होत नाही. म्हणून सलग दिवसांची साखळी मोजू नका. साखळी एकदा तुटली की माणूस आठवडाच सोडून देतो. त्याऐवजी "चार आठवड्यांत बारा वेळा" असे मोजा.

पाच वाजता उठवायला कोण येणार, याचेही उत्तर आहे. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाचे काम बघा. "मी आठवड्यातून तीनदा पळेन" यापेक्षा "मंगळवारी अलार्म वाजला की आधी दात घासेन आणि दाराशी ठेवलेले बूट घालेन" अशी जर-तर जोडी केलेली माणसे ठरवलेले काम जास्त पार पाडतात. २००६ साली अशा ९४ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला, परिणाम चांगला मोठा होता. अडथळ्यांनाही तीच जोडी लावायची. जर जोरदार पाऊस असेल, तर सोसायटीच्या जिन्यावर वीस मिनिटे. जर ऑफिसातून निघायला साडेआठ वाजले, तर उद्याचे पळणे शुक्रवारी. निर्णय आदल्या दिवशी झालेला हवा. पहाटे पाच वाजता अर्धवट झोपेत माणसाने काही ठरवू नये.

शिस्तप्रिय

लॅलींचा अभ्यास माहीत नव्हता, आभार. तरी माझा मुद्दा उरतोच : जर-तर ठरवूनही बूट घालणे हे करावेच लागते.

नेरूळ_नोंदवही

करावे लागतेच, त्यावर वाद नाही. ते दर वेळी किती अवघड ठेवायचे, ते आपल्या हातात आहे.

गडकरी_कट्टा

झोपेचा हिशेब कोणीच मांडला नाही. रात्री नऊला घरी, साडेनऊला जेवण, मुलांचा अभ्यास, मग अर्धा-पाऊण तास मोबाइल, झोप बाराला. पाचचा अलार्म म्हणजे पाच तास. हे दोन-तीन आठवडे निभते, चौथ्यात शरीर वसुली करते. चिडचिड, खा-खा, आणि लोकलमध्ये उभ्याउभ्या डुलकी. याला "उत्साह गेला" म्हणतात.

सात तास झोपायचे असेल तर पाचला उठणाऱ्याने दहाला आडवे व्हायला हवे. नऊला घरी येणाऱ्याला ते रोज शक्य नाही. मग रोज पहाटे उठायचेच नाही. आठवड्यातले दोनच कामाचे दिवस पहाटेचे ठेवा आणि फक्त त्या दोन रात्री दहाची वेळ पाळा. त्या दिवशी संध्याकाळी सहाच्या आत डबा नाहीतर पोळी-भाजी ऑफिसातच खाऊन घ्या, घरी आल्यावर वाटीभर वरण-भात. भरल्या पोटी झोप लागत नाही आणि पहाटे पळताना आंबट ढेकर येतात. तिसरा दिवस शनिवार किंवा रविवार. चौथा दिवस पळण्याचा नसून ताकदीच्या व्यायामाचा, घरी वीस मिनिटे, कोणत्याही वेळी.

ऐरोली, महापे, तुर्भे पट्ट्यात काम करणाऱ्यांना संध्याकाळचा पर्याय आहे. ट्रान्स-हार्बरची गर्दी ओसरेपर्यंत अर्धा तास पळून मग गाडी पकडायची. बॅगेत टॉवेल, टी-शर्ट आणि प्लास्टिकची पिशवी हवी, ओले कपडे बांधायला.

सीवूड्स_सई

हे सगळे वाचताना एक जाणवले. यातला माणूस पुरुष आहे असे गृहीत धरून लिहिले जाते आहे. ज्या घरात सकाळचा डबा बाईनेच करायचा, तिथे पाचचा अलार्म आधीपासून वाजतोच आहे. तिचा अडथळा झोप किंवा वेग नाही, ती सकाळ मुळात तिची नाही. इथे जर-तर एकटीने करून भागत नाही.

उपाय घरात बोलून ठरवायचा आणि तो तपशिलात ठरवायचा. "मदत करतो" याला अर्थ नाही. मंगळवार आणि शुक्रवारचा डबा नवरा करेल, म्हणजे भाजी चिरणेही तोच, कणीक भिजवणेही तोच, आणि मुलांची बस चुकली तरी धावपळ त्याचीच. आदल्या रात्री भाजी चिरून फ्रिजमध्ये, कणीक डब्यात, म्हणजे सकाळी पोळ्या आणि फोडणी एवढेच उरते. पोळ्या जमत नसतील तर त्या दोन दिवशी पुलाव, थालीपीठ, इडली. सुरुवातीचे काही आठवडे डबा बिघडेल. बिघडू द्यावा. हातातून काढून घेतला की ती सकाळ पुन्हा गेली.

दुसरे, अंधार. जानेवारीत सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो. पाच-साडेपाचला रिकाम्या रस्त्यावर एकटीने जाणे अनेकींना नको वाटते आणि ते योग्यच आहे. दिवे आणि माणसे असलेली छोटी फेरी घ्यावी, कंटाळा आला तरी. नेरूळला ज्वेल ऑफ नवी मुंबई, ठाण्यात कचराळी तलाव. पहाटे तिथे चालणारे ज्येष्ठ नागरिक भरपूर असतात.

कोपरीकर

सईताई, तुमचा मुद्दा मूळ प्रश्नात यायला हवा होता. धन्यवाद, फार नेमके लिहिले आहे.

खारघर_चढण

जागांचा विषय निघालाच आहे तर. पामबीचच्या मुख्य रस्त्यावर पळू नका, कितीही सरळ आणि गुळगुळीत दिसला तरी. पहाटे तिथे गाड्या प्रचंड वेगात असतात. खारघरला सेंट्रल पार्कच्या बाजूचे रुंद पदपथ चांगले. पांडवकड्याच्या बाजूला पावसाळ्यात प्रवेशबंदी असते, ती पाळा.

तलावपाळीला संध्याकाळी पळायचा विचारही करू नये, भेळ आणि आइस्क्रीम घेऊन उभ्या असलेल्या माणसांना चुकवण्यातच वेळ जातो.

येऊर_गेट

येऊरबद्दल कळकळीने सांगतो. तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि तिथे बिबटे आहेत. पहाटेचा अंधार आणि तिन्हीसांजा ही त्यांची वेळ. चढाचा सराव हवा असेल तर उजाडल्यावर, तीन-चार जणांनी, वन विभागाच्या वेळा पाळून आणि कानात हेडफोन न घालता जा. चढावर वेग विसरा, श्वास बघा. उतरताना लांब टांगा टाकू नका, गुडघ्याला दणके बसतात, छोटी पावले ठेवा.

घोडबंदर_७

बिबट्या राहू द्या, भटक्या कुत्र्यांचे काय? निम्म्या लोकांचा उत्साह तिथेच संपतो.

येऊर_गेट

पळणे थांबवा, हे एकच. पळणाऱ्याच्या मागे कुत्रा धावतो, चालणाऱ्यात त्याला रस नसतो. डोळ्यांत बघू नका, पाठ न दाखवता कडेकडेने चालत पुढे जा. चावलाच, नुसते ओरखडले तरी, साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस सुरू करा. हळद-चुना लावू नका.

पावसाळी_बूट

पाऊस हा सर्वांत मोठा बहाणा समजला जातो, पण खरा त्रास ओल्या बुटांचा असतो. सकाळी भिजलेला बूट दुसऱ्या दिवशी ओलाच, कुबट वासाचा, पाय घालवत नाही. तिथे साखळी तुटते.

आल्याबरोबर आतला सोल काढा, नाड्या सैल करा, वर्तमानपत्राचे बोळे कोंबा. तासाभराने बोळे बदला, मग रात्री पुन्हा. पंख्याखाली आडवे ठेवा. ड्रायर लावू नका, गॅसजवळ तर मुळीच नको. उष्णतेने तळवा चिकटवणारा गोंद सुटतो. जुना जोड फेकू नका, पावसाळ्यात दोन जोड आलटून पालटून वापरले की प्रश्नच मिटतो. मोजे सुती नकोत, सुती मोजा पाणी धरतो आणि फोड येतात. मांड्या, काख आणि पुरुषांनी स्तनाग्रे इथे व्हॅसलिन. ओला टी-शर्ट तासभर घासला की रक्त येते, हे पहिल्यांदा अनुभवले की लोक घाबरतात.

नवा बूट संध्याकाळी घ्या, दिवसभरात पाय सुजलेला असतो. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याएवढी जागा हवी. बुटाचे आयुष्य साधारण ५०० ते ८०० किमी. या २४ आठवड्यांच्या योजनेत एक नवा जोड पुरतो.

साचलेल्या पाण्यातून पळू नका. खड्डा दिसत नाही, झाकण उघडे असू शकते, आणि पायाला जखम असेल तर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) भीती. नाइलाजाने जावे लागलेच तर घरी येऊन पाय साबणाने धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा. प्रतिबंधक गोळी ७२ तासांच्या आत सुरू करायची असते, ताप यायची वाट बघायची नाही.

मामलेदार_फॅन

एवढे वाचले, पण खरी प्रेरणा कोणी सांगितलीच नाही. रविवारचे लांब पळणे ठाणे स्टेशनकडे येऊन संपवा आणि मामलेदारची मिसळ. पुढच्या रविवारी अलार्मच्या आधी जाग येते.

दमट_हवा

मामलेदार_फॅन, हसण्यावारी नेऊ नका, यात तथ्य आहे. बक्षीस लगेच मिळाले तर सवय टिकते, जानेवारीतले पदक फार लांब असते. मोड आलेल्या कडधान्याने प्रथिने मिळतात, पावाने पिष्ट. फक्त तिखट तर्री रिकाम्या पोटात, तेही दीड तास घाम गाळल्यावर, अनेकांना झेपत नाही. आधी पाणी आणि एक केळे, पंधरा-वीस मिनिटे थांबा, मग मिसळ. तर्री बेतानेच.

पाण्याचेही सांगतो. तासाभरापर्यंतच्या पळण्याला साधे पाणी पुरते. पुढे मीठ लागते. घरी करायचे तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. मीठ अंदाजाने वाढवू नका. किती प्यायचे ते कळायला तासभर पळण्याआधी आणि नंतर अंग पुसून वजन करा. एक किलो घटले म्हणजे साधारण एक लिटर घाम गेला. वजन वाढले असेल तर तुम्ही जास्त पाणी पीत आहात, आणि नुसते पाणी ढोसल्याने रक्तातले सोडियम उतरते. तेही धोक्याचेच आहे.

फिजिओ_वाशी

आता दुखण्याविषयी. चौथ्या-सहाव्या आठवड्यात सोडणाऱ्यांत नडगी दुखणारे खूप असतात, आणि त्यांचा खरा अडथळा संभ्रम असतो : हे सहन करायचे की थांबायचे?

नडगीच्या हाडाच्या आतल्या कडेवर अंगठ्याने दाबत जा. चार-पाच बोटांच्या लांबीत पसरून दुखत असेल, पळायला लागल्यावर थोडे कमी होत असेल, तर तो ताण आहे. अंतर निम्मे करा, सिमेंटऐवजी माती धरा, आणि पायरीच्या कडेवर उभे राहून टाचा वर-खाली, १५ चे ३ संच, एक दिवसाआड. नाण्याएवढ्या एकाच जागी टोचत असेल, त्या एका पायावर उडी मारता येत नसेल, रात्री झोपेत दुखत असेल, तर पळणे त्याच दिवशी बंद. हाडाला बारीक तडा असू शकतो. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत तो एक्स-रेमध्ये दिसतोच असे नाही, म्हणून "एक्स-रे नॉर्मल आहे" यावर विसंबून पुन्हा पळू नका, अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.

सकाळी अंथरुणातून उठल्यावर पहिली काही पावले टाच टोचते, मग बरे वाटते, हे तळव्याच्या पडद्याचे दुखणे. पोटरी ताणण्याचा व्यायाम आणि घरात अनवाणी फरशीवर न चालणे याने बहुतेकांना आराम पडतो, पण महिने लागू शकतात. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येणे मात्र साधे आहे. दोन-तीन दिवसांत जाते, त्यासाठी थांबू नका.

चाळिशीपुढचे, मधुमेह किंवा रक्तदाब असलेले, घरात कमी वयात हृदयविकार झालेले, यांनी सुरुवातीआधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. पळताना छातीत दाब, चक्कर किंवा नेहमीपेक्षा वेगळी धाप, तर तिथेच थांबायचे.

खारघर_चढण

आठवड्याला दहा टक्क्यांपेक्षा जास्त अंतर वाढवू नये, हेही लिहा. सगळी दुखणी तिथून येतात.

फिजिओ_वाशी

मुद्दाम लिहिले नव्हते. नेदरलँड्समध्ये नव्या धावपटूंचे दोन गट करून पाहिले, २००८ चा अभ्यास. एका गटाची वाढ आठवड्याला दहा टक्के, म्हणजे हळू, दुसऱ्याची नेहमीची. दोन्हीकडे साधारण पाचातल्या एकाला दुखापत झाली, फरक नाही. २०२५ साली पाच हजारांहून अधिक धावपटूंच्या नोंदी तपासल्या, तेव्हा वेगळेच दिसले : आठवड्याची बेरीज फारसे सांगत नाही. आधीच्या ३० दिवसांतल्या सर्वांत लांब पळण्यापेक्षा एखाद्या दिवशी दहा टक्क्यांहून जास्त उडी मारली, की धोका वाढतो. म्हणजे दहा टक्के लावायचेच असतील तर ते रविवारच्या लांब पळण्याला लावा. "आज मस्त वाटतंय" म्हणून सहाचे दहा करणे, हे खरे संकट.

गडकरी_कट्टा

हा हिशेब २४ आठवड्यांत छान बसतो, करून बघितला. शेवटचे दोन आठवडे हलके ठेवायचे, उरले २२. दर चौथा आठवडा कमी अंतराचा, म्हणजे पाच आठवडे गेले, उरले १७. पहिल्या रविवारी ४ किमी आणि पुढे १६ वेळा दहा टक्के वाढ, की १८ किमी होतात. १८ सावकाश पळता आले तर शर्यतीतले २१ होतात, सरावात पूर्ण अंतर पळायची गरज नाही.

आणि ते पाच हलके आठवडे कॅलेंडर बघून ठेवा. गौरी-गणपती, नवरात्र, दिवाळी, लग्नसराई. दिवाळीत तसेही पळणे होत नाही. ते ठरलेले असेल तर मनाला खात नाही, आणि पाडव्यानंतर पुन्हा बूट घालणे सोपे जाते. आठवडा एक-दोनने पुढेमागे झाला तरी चालेल.

घोडबंदर_७

एक प्रश्न. सोसायटीच्या ग्रुपवर जाहीर करावे का? लाज वाटून तरी माणूस टिकतो म्हणतात.

नेरूळ_नोंदवही

जपून. गोलविट्झर यांचाच २००९ चा अभ्यास आहे. "मी अमुक होणार" असा ओळखीशी जोडलेला संकल्प लोकांसमोर मांडला आणि त्यांनी दखल घेतली, की नंतरचे प्रयत्न कमी होतात. शाबासकी आधीच मिळून गेलेली असते. ग्रुपवर साठ अंगठे आले की तसेच होते. त्यापेक्षा एकाच माणसाशी ठरवा, जो सव्वापाचला तुमच्या गेटखाली उभा राहील. वेग जुळला नाही तरी चालेल, सुरुवात आणि शेवट एकत्र असला की पुरे.

शिस्तप्रिय

याला माझा पूर्ण पाठिंबा. खाली कोणी उभे आहे म्हटल्यावर माणूस उतरतोच.

सीवूड्स_सई

मला मूळ प्रश्नाच्या एका बाजूकडे यायचे आहे. २१ किमी हे ध्येय त्या माणसाचे आहे का? ऑफिसातल्या चौघांनी नाव नोंदवले म्हणून नोंदवले, तर पावसाळी पहाटे त्यात काही बळ उरत नाही. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांनी टिकणाऱ्या प्रेरणेला तीन गोष्टी लागतात असे मांडले आहे : निवड स्वतःची असणे, जमते आहे असे जाणवणे, आणि आपली माणसे सोबत असणे. वेग कमी ठेवल्याने दुसरी मिळते, गेटखालच्या मित्राने तिसरी. पहिली कोणीच बाहेरून देऊ शकत नाही. साखर आटोक्यात आणणे किंवा मुलासोबत किल्ला चढणे हे मनातले असेल, तर १० किमी हे पूर्ण ध्येय आहे. त्यात कमीपणा नाही.

कोपरीकर

फार मोलाची चर्चा झाली. आतापर्यंतच्या प्रतिसादांवरून त्या माणसाचा आठवडा असा दिसतो, चुकत असेल तर सुधारा. मंगळवारी पहाटे पळणे-चालणे मिळून ३० मिनिटे, सोमवारी रात्री दहाला झोप. गुरुवारी घरी ताकदीचा व्यायाम वीस मिनिटे. शनिवारी पहाटे पुन्हा ३० मिनिटे, रविवारी लांब पळणे ४ किमीपासून. डबा, बूट आणि पावसाचे जर-तर रविवारी संध्याकाळी कागदावर लिहून फ्रिजवर.

फिजिओ_वाशी

शनिवार आणि रविवार सलग ठेवू नका. नव्या माणसाच्या हाडांना आणि स्नायुबंधांना मध्ये एक दिवस हवा, दम आधी वाढतो आणि हाडे मागून येतात. शनिवारचे पळणे गुरुवारी न्या, ताकदीचा व्यायाम शुक्रवारी. त्या व्यायामात टाचा वर-खाली, खुर्चीवरून न टेकता उठणे-बसणे, पाठीवर झोपून कंबर उचलणे आणि कोपरांवर प्लँक, एवढे चार पुरेत.

कोपरीकर

केला बदल. म्हणजे डब्याचा दिवस शुक्रवारऐवजी गुरुवार करून घ्यायला हवा. शेवटचे एक राहिले : मध्येच दोन आठवडे तापाने गेले तर? या दिवसांत घरोघरी तेच चालू असते.

दमट_हवा

ताप उतरल्यावर पळायची घाई करू नका. आधी काही दिवस नुसते चालणे, त्यात दम लागत नाही ना ते बघा. डेंग्यू झाला असेल तर डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय नाही. मग आठवड्यापेक्षा कमी खंड असेल तर जिथे सोडले तिथून. दोन आठवडे गेले असतील तर शेवटच्या लांब पळण्याच्या दोन-तृतीयांशावर या, ९ किमी होते तर ६. महिना गेला तर पुन्हा एक मिनिट पळणे, दोन मिनिटे चालणे. राहिलेले अंतर भरून काढायला जास्तीचे दिवस घालू नका. हिशेब जानेवारीपर्यंत बसत नसेल तर त्या वर्षी १० किमीची शर्यत धरा आणि २१ पुढच्या थंडीत.